वेंकोबमामांची जलविमानं

तंजावूरवरून लढाऊ विमान गेलं की राजवाड्यामागची आमची अख्खी गल्ली आकाशाकडे बघते. एकटे वेंकोबमामा खाली बघतात. ओट्यावरची खुर्ची उचलून आत नेतात आणि आवाज विरला की परत बाहेर आणून ठेवतात. मी नवीन होतो, म्हणून कारण विचारलं. म्हणाले, "पाण्यावर बसतें का तें? नाहीं ना? मग त्यास विमान म्हणूं नये."

मी मूळचा मिरजेचा. इथल्या एका कॉलेजात गणित शिकवायला आलो आणि मामांच्या शेजारी राहिलो. मामा म्हणजे ऐंशीच्या घरातले निवृत्त चित्रकला मास्तर. पूर्वजांनी तीनशे वर्षांपूर्वी इकडे येताना जे मराठी आणलं, ते मामा अजून बोलतात, तमिळ हेलात. माझं मराठी त्यांना फार घाईचं वाटे.

त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाआधी विलायतेत शिकत असताना हवाई कसरतींचा एक मोठा मेळा पाहिला होता. तिथली माहितीपुस्तिका त्यांनी जपून आणली. तिच्या एका पानावर नौदलाच्या जलविमानांचा फोटो होता. चाकांच्या जागी दोन लांबट होड्या बसवलेली चार विमानं, एका रांगेत. मामांचा सगळा जीव त्या पानात.

हे पान ते कुठेही उघडत. लग्नात उघडत, बाराव्या-तेराव्याच्या जेवणात उघडत. दाताच्या डॉक्टरसमोर आ वासलेला असतानाही त्यांनी ते हातवाऱ्यांनी सांगितलं म्हणे. सुरुवात ठरलेली, "लढाईच्या आधीं." गॅसवाला सिलिंडर ठेवता ठेवता स्वतःच "लढाईच्या आधीं" म्हणायचा आणि पळायचा. एकदा मला त्यांनी बसने पापनाशमला नेलं. मला वाटलं, देवदर्शन. मामांनी तिथल्या तळ्याच्या काठाकाठाने पावलं मोजली, घाम पुसला आणि म्हणाले, "एक बसेल. जरा दाटीनें, पण बसेल."

मी हे सगळं घरी फोनवर रंगवून सांगत असे. आम्ही हसत असू.

रविवारी मी गल्लीतल्या मुलांना देवनागरी शिकवतो. मुलांना मराठी कळतं, उत्तर मात्र तमिळमध्ये येतं. एका रविवारी मामा गोष्ट सांगायला आले. धुतलेली धोतरासारखी वेष्टी, कपाळाला गंध, हातात पुस्तिका. चांगले रंगले. मग एका मुलीने विचारलं, ही विमानं मेळ्यात उतरली कुठे? मामा थांबले. तिथे नुसतं मैदान होतं, ते म्हणाले, पाणी नव्हतं. विमानांनी वरून फेरी मारली आणि ती गेली.

मला राहवलं नाही. "म्हणजे मामा, तुमची विमानंसुद्धा वरूनच बघून गेली की!"

मुलं खूप हसली. मीही हसलो. मामांनी पुस्तिका मिटली, चपला घातल्या आणि निघून गेले.

आठ दिवस खुर्ची बाहेर आली नाही. नवव्या दिवशी त्यांच्या पत्नी, कमलाक्का, माझ्याकडे आल्या. मला वाटलं, रागावतील. त्या पायरीवर बसल्या आणि हळूहळू सांगू लागल्या. त्यांचा मुलगा मुरली मालवाहू जहाजावर इंजिनियर होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी ते जहाज वादळात बुडालं. दुसऱ्या दिवशी शोधायला गेलेल्या विमानाला तो दिसला. फळीला धरून होता, हात हलवत होता. विमानाला पाण्यावर उतरता येत नव्हतं. त्याने वर घिरट्या घातल्या, खबर दिली आणि इंधन संपत आलं तसं ते परतलं. बोट पोचायला चार तास लागले. तिथे नुसती फळी होती.

"त्याआधीं ह्यांस विमानाचें काडीचेंही वेड नव्हतें," त्या म्हणाल्या. "मुरलीचें सामान ठेवायला त्याच्या आजोबांची पेटी उघडली, त्यांत तें पुस्तक निघालें. रात्रंदिवस एकच. इतक्या वर्षांपूर्वीं पाण्यावर बसणारें विमान होतें की, मग त्या दिवशीं कां नव्हतें?"

मी तसाच उठून मामांकडे गेलो. आत जमिनीवर बसून ते चवळीच्या शेंगा सोलत होते. चुकलो, एवढंच म्हणालो. त्यांनी माझ्यापुढे थोड्या शेंगा सरकवल्या. आम्ही दोघे सोलत बसलो.

शेंगा संपत आल्या तेव्हा ते बोलले. मुरलीची बातमी कळवायला आलेल्या माणसाला त्यांनी एकच गोष्ट विचारली होती, आपण विमानाला दिसलो हे मुलाला कळलं होतं का? तो माणूस म्हणाला, हो, वैमानिकाने मुद्दाम खाली येऊन पंख हलवले होते.

"म्हणजे चार तास तो वाट पाहत होता," मामा म्हणाले. "कुणीतरीं येतें आहे, हें त्यास ठाऊक होतें. तें बरें झालें की वाईट, मला अजून ठरवतां आलें नाहीं."

कमलाक्का मागोमाग आल्या होत्या. त्यांनी दारातूनच विचारलं, पानं दोन मांडू की तीन?

"तीन," मामा म्हणाले.