मंजुरीविना अचूक नेम

कर्मचाऱ्यांच्या मनावरचा ताण कमी करण्याची मुदत एकतीस तारखेला संपत होती आणि वजनमापे तपासणी कार्यालयात एकाचाही ताण अजून कमी झालेला नव्हता. मुख्यालयाची दोन स्मरणपत्रं येऊन पडली होती. तिसऱ्या पत्रासोबत एक खोकं आलं. त्यात टीव्हीला जोडायचा गेमचा कन्सोल होता, हातात धरून खेळायचे दोन कंट्रोलर होते आणि एक परिपत्रक होतं. सर्व कार्यालयांनी बंदुकीच्या खेळाच्या स्पर्धेत भाग घेऊन तणावमुक्त व्हावं, न होणाऱ्यांची नावं कळवावीत. विजेत्याला बक्षीस म्हणून पसंतीच्या ठिकाणी बदली, तीही आठ दिवसांत.

हे परिपत्रक सगळ्यांत आधी वाचलं ते जावकबाईंनी. आलेल्या कागदावर नंबर घालायचा आणि गेलेल्या कागदावरही नंबर घालायचा, हे त्यांचं अकरा वर्षांचं काम. स्वतःच्या बदलीच्या अर्जावर त्यांनी सहा वर्षांत सहा वेळा जावक नंबर घातला होता आणि सहा वेळा नकारावर आवक नंबर. ‘आठ दिवसांत’ हे शब्द त्यांनी तीनदा वाचले. मुख्यालयाच्या कागदावर ते त्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

बदली हवी होती आईच्या गावी. आई शिवणकाम करता करता म्हातारी झालेली, एकटी राहायची. मायलेकींची भेट व्हायची ती रोज संध्याकाळी सात ते आठ, याच खेळात. दोघींकडे एकेक जुना कन्सोल होता. चारशे किलोमीटरवरून आई कानाला हेडफोन लावायची, पडद्यावर लेकीच्या पाठीमागे उभी राहायची आणि लेकीच्या अंगावर येणाऱ्याला टिपायची. शिवणयंत्राच्या दोऱ्याचा ताण जमवण्यात हयात गेलेली बाई. कंट्रोलरची सेटिंग लावण्यात तिचा हात कुणी धरला नसता. पण गेल्या वर्षापासून तिची नजर पार उतरली होती.

“हल्ली मला समोरचा दिसत नाही गं,” ती एकदा म्हणाली. “पावलं ऐकते आणि मारते. परवा दाराशी दूधवाला आला, तर मी खाली वाकले.”

जावकबाई खूप हसल्या. हेडफोन काढल्यावर मात्र त्यांना जेवण गेलं नाही.

कार्यालयाच्या कंट्रोलरची डावी दांडी जन्मतःच बिघडलेली होती. कुणी हात न लावताही पडद्यावरचा सैनिक डावीकडे चालत सुटायचा आणि भिंतीला नाक घासत राहायचा. आईने त्याच संध्याकाळी उपाय सांगितला. “डेड झोन बघ. म्हणजे दांडी किती ढकलल्यावर यंत्राने दखल घ्यायची, ते. हात काढला की माणूस जागेवर उभा राहील, एवढाच ठेव. बारा पुरे. फार वाढवलास तर तू ढकलत बसशील आणि तो ढिम्म.”

जावकबाईंनी दुसऱ्या दिवशी तशी टिपणी करून साहेबांपुढे ठेवली. इथेच माती खाल्ली. गुपचूप बदल केला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. विचारलं, म्हणून बैठक लागली.

“डेड झोन बारा?” मोठ्या साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे जरा ढकललं की लगेच दखल?”

“हो साहेब. त्याशिवाय खेळता येत नाही.”

“बाई, आपण इथे कुणाची पहिल्या धक्क्याला दखल घेतो का?”

“लोक सोकावतील,” हेडक्लार्क म्हणाले. डेड झोन नव्वद ठरला.

मग सेन्सिटिव्हिटी आली, म्हणजे दांडी हलवल्यावर नजर किती झपाट्याने फिरावी ते. ती पदानुसार वाटण्यात आली. साहेबांना दहा, हेडक्लार्कना सात, लिपिकवर्गाला दोन. कनिष्ठाची नजर वरिष्ठाच्या आधी वळली तर शिस्तीचं काय, हा मुद्दा बिनतोड होता. यंत्र स्वतःच नेम शत्रूवर ओढून देतं ती एम असिस्टची सोय फक्त अधिकाऱ्यांना मिळाली, कारण त्यांना इतर कामं असतात. वर बघायला दांडी वर ढकलायची की खाली, यावर मतं निम्मी-निम्मी पडली. तेव्हा सम तारखेला वर आणि विषम तारखेला खाली, असा तोडगा निघाला. ठराव मताला टाकला. सगळ्यांचे हात वर गेले. जावकबाईंचाही गेला. तो कसा गेला, हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही.

मंजूर आकड्यांत कुणी ढवळाढवळ करू नये, म्हणून दुकानदारांच्या तराजूला लावतात तसं लाखेचं सील कंट्रोलरच्या मेनूच्या बटणावर लावण्यात आलं.

सरावाला साहेब आणि हेडक्लार्क समोरासमोर बसले. दहाच्या सेन्सिटिव्हिटीवर साहेबांचा सैनिक गरागरा फिरू लागला आणि फिरता फिरता एम असिस्टने हेडक्लार्कना सात वेळा मारलं. “काय नेम आहे साहेब!” मेलेले हेडक्लार्क म्हणाले. साहेबांना ते खरं वाटलं. आठव्या खेपेला मात्र पडद्याकडे बघून त्यांना घेरी आली. डॉक्टरांनी आठवडाभर पडदा बंद केला. हरल्यावर जबाबदारी कुणावर येते ते हेडक्लार्कना चांगलं ठाऊक होतं, म्हणून त्यांनी मोठ्या मनाने जावकबाईंचं नाव पुढे केलं.

मुख्यालयाच्या सभागृहात अंतिम सामना होता. आधीचे सगळे प्रतिस्पर्धी स्पर्धकाच्या नावाला मंजुरी न मिळाल्याने बाद झाले होते. समोर परवाना कार्यालयाचे एक वयस्कर लिपिक बसले होते. त्यांच्या कार्यालयाने डेड झोन शंभर मंजूर केला होता. पहिल्या फेरीत दोन सैनिक मैदानाच्या दोन टोकांना दहा मिनिटं उभे राहिले. जावकबाईंचा अंगठा ढकलून ढकलून पांढरा पडला, तेव्हा त्यांचा सैनिक दीड पाऊल सरकला. कुणाचाही जीव न गेल्याबद्दल पहिल्या रांगेतून टाळ्या पडल्या.

“दोन्हीकडे शून्य,” पंच म्हणाले. “दुसऱ्या फेरीत असंच झालं तर बक्षीस रद्द.”

जावकबाईंना दूधवाल्यापुढे वाकलेली आई आठवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, मग त्यांना राग आला. त्यांनी केसांतली पिन काढली आणि भर सभागृहात लाखेचं सील खरवडून काढलं. सेन्सिटिव्हिटी सहा, डेड झोन बारा, एम असिस्ट बंद. नेम आपला असावा, असं आईचं म्हणणं होतं. पुढच्या पाच मिनिटांत परवाना कार्यालयाचे लिपिक अकरा वेळा मेले. शेवटच्या खेपेला ते मान वळवून कौतुकाने म्हणाले, “वा ताई, हलतो की तुमचा!”

 त्यानंतर चौकशी समिती नेमली गेली.

समितीने आठच दिवसांत जावकबाईंना दोषी ठरवलं. ‘मंजुरीविना अचूकता’ असं दोषाचं नाव होतं. बक्षीस परवाना कार्यालयाच्या लिपिकांना गेलं. ते पुढच्या महिन्यात निवृत्त होत होते, त्यांनी पसंतीचं ठिकाण ‘घर’ असं लिहून दिलं. जावकबाईंना शिक्षा म्हणून कुठे पाठवायचं, यासाठी हेडक्लार्कनी त्यांची फाइल काढली. एका गावी जायला या कर्मचाऱ्याला मुख्यालयाने सहा वेळा नकार दिलेला दिसत होता. मुख्यालय आपल्या माणसाचं हितच बघतं, त्याअर्थी ते गाव भयंकरच असलं पाहिजे. शिक्षेची बदली तिथेच झाली.

आदेशावर आवक नंबर घालताना जावकबाईंनी तो वाचला आणि ओठ दाताखाली घट्ट धरला. चेहऱ्यावर दुःख येईना. त्यांनी साहेबांचं वार्षिक भाषण आठवलं, तेव्हा कुठे पहिला हुंदका आला. तो ऐकून रेकॉर्डकीपर रडल्या, मग हेडक्लार्क, मग खुद्द साहेब. अख्खं कार्यालय रुमालात तोंड घालून बसलं. जावकबाईंनी त्याच गोंधळात फोन लावला.

“आई, मला शिक्षा झाली.”

“अगं बाई! केवढी?”

“तुझ्याकडे.”

 आई दबक्या सुरात म्हणाली, “मग नीट रड. कुणी बघत असेल.”

सामान बांधून झालं होतं, निघायला तीन दिवस होते, आणि स्थगिती आली. ‘सदर आदेश बजावताना हसण्याचा आवाज आल्याची तक्रार आहे. सबब ही शिक्षाच आहे किंवा कसे, याची खातरजमा होईपर्यंत बदली थांबवण्यात येत आहे.’ पुन्हा चौकशी झाली. हेडक्लार्कचं रडणं रेकॉर्डकीपरनी पाहिलं होतं, साहेबांचं हेडक्लार्कनी. जावकबाईंचा रुमाल प्रमाणित तराजूवर तोलून ओला असल्याचा दाखला जोडला गेला. आई तर हसलीच नव्हती. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत रडत होती, आनंदाने का होईना.

म्हणजे त्या क्षणी हसलेलं माणूस एकच उरतं. आई ‘नीट रड’ म्हणाली, तिथे हे वाचताना तुम्ही हसलात.

खुलासा मागवणारं पत्र तुमच्या नावे निघालं आहे. त्यावर जावक नंबर जावकबाईंनीच घातला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांचं अक्षर हललं. ‘मी हसलो नाही’ अशी एक ओळ लिहून पाठवलीत तर शिक्षा कायम होईल आणि जावकबाई दुसऱ्या दिवशी आईकडे निघतील. पण पहिल्या पत्राची दखल घ्यायची सवय तुम्हालाही नाही. दुसरं स्मरणपत्र येईल, मग तिसरं.

तोवर आई पावलं ऐकून मारते आहे.