बापूकाका आणि बंद डबी

आमच्या शेजारचे बापूकाका पाण्याची नवी बाटली कानाशी धरून उघडतात. झाकणाचा 'कट्' असा आवाज आला, तरच पाणी पितात. माझ्या मावसबहिणीच्या लग्नात त्यांनी अशा चार बाटल्या नापास केल्या. शेवटी आईने त्यांच्यापुढे विहिरीच्या पाण्याचा तांब्या ठेवला. "ह्याला सील न्हाय, काका. प्या गुमान."

काकांची सगळी नोकरी श्रीवर्धनला टपालखात्यात, पार्सलांवर लाखेची मोहोर उमटवण्यात गेली. "सील तुटलं की साक्ष गेली," हे त्यांचं पालुपद. गॅसचा सिलिंडर असो, खोकल्याचं औषध असो, ते आधी सील बघणार.

निवृत्तीनंतर त्यांना नाण्यांचा नाद लागला. खरं तर नाण्यांचा नाही, डब्यांचा. जुनं नाणं तज्ज्ञांकडे पाठवलं की ते अस्सल आहे का, किती झिजलंय, हे तपासतात आणि कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करतात. आत तशी चिठ्ठी घालतात. मला यातलं काही ठाऊक नव्हतं. पण आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. त्यामुळे काकांना वाटतं मला सगळं कळतं, आणि मला 'नाही' म्हणायचा धीर होत नाही.

लबाड लोक म्हणे ही डबी हळूच उघडतात, चांगलं नाणं काढून हलकं घालतात आणि कड पुन्हा चिकटवतात. चिठ्ठी मात्र तीच. ही लबाडी ओळखता यावी म्हणून काकांनी डब्या उघडायची सगळी हत्यारं जमवली. चपटा स्क्रूड्रायव्हर, करवतीचं पातं, वस्तू आवळून धरणारा छोटा शिकंजा, आणि माझ्या मोबाइलवरून मागवलेली खास पक्कड. स्वस्तातल्या डब्या आणून ते स्वतःच फोडतात, स्वतःच चिकटवतात आणि मग माझी परीक्षा घेतात.

"ओळख बाय, फोडलेली कोणती?"

"ही?" मी भीतभीत बोट ठेवते.

"छे! ती कोरी आहे. ह्या दुसरीची कड बघ. पांढुरकी रेघ दिसते? प्लास्टिक दुखावलं की पांढरं पडतं."

आतून काकू ओरडायच्या, "तिला अभ्यास करू द्या! डब्या फोडून पदवी मिळत न्हाय."

एकच डबी काकांनी कधी फोडली नव्हती. तिच्यात राजाच्या छापाचा चांदीचा रुपया होता, काकूंच्या सासूबाईंनी लग्नात त्यांच्या ओटीत घातलेला; काकांनीच तो तज्ज्ञांकडे पाठवून डबीत बंद करून घेतला होता. आतली चिठ्ठी सांगत होती, नाणं अस्सल, पण घासलेलं. नाणेवाल्यांत हा मोठा डाग. डबीत जाण्याआधी काकू दर दिवाळीला चिंच आणि राख लावून तो लखलखीत करायच्या. चिठ्ठी वाचून काका आठवडाभर फणफणत होते.

"वाट लावलीस रुपयाची!"

"मग लक्ष्मीपुढे काय काळं नाणं ठेवू?"

त्यानंतर काकूंना बंद डबीलाच हळदकुंकू लावावं लागलं. तेही काका संध्याकाळी पुसून टाकत. कड दिसली पाहिजे ना.

यंदा गणपती गेले आणि काकूंना अर्धांगाचा झटका आला. बोलणं सावरलं, पण उजवा हात हलेना. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. बोटं आत्ता चालवली नाहीत तर हात कायमचा जाईल, असंही सांगितलं. काकूंनी डाव्या हाताने चेंडू अंगणात भिरकावला. "मी काय लहान पोर हाय?" काकांनी कणकेचा गोळा दिला, ओल्या सुपाऱ्या दिल्या. काकू भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या.

दिवाळीला दोन दिवस होते. मी फराळ घेऊन गेले, तेव्हा काकू पुटपुटल्या, "हात असता तर रुपया घासला असता."

थोड्या वेळाने काकांनी मला टेबलापाशी बोलावलं. तिथे रुपयाची डबी, शिकंजा, फडकं आणि एक कागद होता. 'सदर डबी मी राजीखुशीने उघडत आहे.' खाली साक्षीदाराच्या सहीची जागा. टपालात फाटकं पार्सल असंच साक्षीदारासमोर उघडत म्हणे.

मी चाचरत म्हटलं, "काका, पण चिठ्ठी मग फुकट जाईल ना?"

"सही कर."

इतक्या डब्या फोडलेला माणूस, पण हिच्या चारही कडा त्यांनी आधी दोनदा पुसल्या. मग डबी फडक्यात गुंडाळली, शिकंज्यात धरली आणि दांडा फिरवत राहिले. कोपरा टक् करून फुटला.

काकांनी रुपया काकूंच्या उजव्या तळहातावर ठेवला, वर चिंचेचा कोळ घातला आणि त्यांचा अंगठा त्यावर टेकवून मनगटाला आधार दिला. बराच वेळ काहीच झालं नाही. मग अंगठा हलला. तांदळाच्या दाण्याएवढा. मग पुन्हा एकदा.

"ओरखडे पडतील हां," काकू म्हणाल्या.

काकांनी भिंग काढलं, वाकून रुपया नीट न्याहाळला.

"राजाचं नाक अजून शाबूत आहे," ते म्हणाले. "घास."