जेवणाची जाहीर सूचना

ड्वेन ह्रुस्काने लव्होन बेन्शला कॉफीला बोलावलं, तेव्हा आपण कायदा मोडतोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

आमच्या काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, कारभार पाहणारं बोर्ड तीन जणांचं. ड्वेन अध्यक्ष, लव्होन सभासद, आणि तिसरा ग्लेन, जो ऐकू येत नसल्यामुळे सगळ्यालाच हो म्हणतो. तिघांतले दोघे एकत्र बसले की गणपूर्ती झाली, आणि गणपूर्ती झाली की ती बैठक. मग चोवीस तास आधी, बोर्ड बसतं त्या कोर्टहाउसच्या दारावर सूचना लागली पाहिजे, विषयपत्रिका पाहिजे, आणि कुणालाही येऊन बसता आलं पाहिजे. लोकांच्या पाठीमागे कुणी काही शिजवू नये म्हणून केलेला कायदा, त्यात वावगं काही नाही. फक्त विधुर अध्यक्षाचा जीव विधवा सभासदावर जडला तर काय करायचं, हे लिहायचं तेवढं राहून गेलंय.

एल्डन व्होकाल दर मंगळवारी बोर्डाच्या बैठकीला पहिल्या बाकावर वही उघडून बसतो. चाळीस वर्षं त्याने धान्याच्या गोदामावर वजनकाटा सांभाळला, आणि समोर आलेला प्रत्येक गाडीवाला आपल्याला फसवायलाच आलाय अशी त्याची पक्की समजूत झाली. निवृत्त झाला तरी समजूत काही निवृत्त झाली नाही. कॉफीनंतरच्या मंगळवारी, नागरिकांना बोलायला मिळणाऱ्या तीन मिनिटांत तो उठला.

"गेल्या गुरुवारी डार्लाच्या कॅफेत अध्यक्षमहाराज आणि लव्होनबाई अठ्ठेचाळीस मिनिटं बसले होते. काय ठरलं तिथं?"

"कॉफी प्यायलो," ड्वेन म्हणाला.

"अठ्ठेचाळीस मिनिटं?"

"गरम होती."

ड्वेनचे कान लाल झाले, आणि तिथेच घोटाळा झाला. शेजारच्या शहराला कचरा टाकायला जागा हवी होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. लाल कान पाहून कुठंतरी पाणी मुरतंय अशी अख्ख्या सभागृहाची खात्री पटली. सरकारी वकिलाने दोघांना बाजूला घेऊन सांगितलं, की एकतर भेटू नका, नाहीतर रीतसर सूचना लावा. ड्वेन मुळातच हट्टी, त्यात चौसष्टाव्या वर्षी प्रेमात पडलेला. दुसऱ्या दिवशी दारावर कागद लागला: गुरुवार, दुपारी बारा, डार्लाचं कॅफे. विषय: जेवण. नागरिकांचं स्वागत आहे.

आता असल्या कागदावर शहाणा माणूस विश्वास ठेवेल का? बासष्ट लोक आले. डार्लाचं गोमांस साडेबारालाच संपलं. काउंटीची कारकून कॅरल इतिवृत्त लिहायला बसली. लव्होनने सहज म्हटलं की यंदा टोमॅटो बरे आलेत, तर मागून एका बाईने उठून विचारलं, टोमॅटो नेमके कुठल्या बाजूला लावलेत, आणि तिकडून कचऱ्याचा ट्रक जाईल एवढा रस्ता आहे का. बासष्ट जोडी डोळ्यांसमोर गोड काय बोलणार? ड्वेन रस्त्यावरच्या खडीबद्दल बोलत राहिला, आणि खडी हा खरोखरच बोर्डाचा विषय असल्यामुळे कॅरलने ते सगळं लिहून घेतलं.

पुढच्या गुरुवारी चाळीस आले, मग बारा, आणि मका कापायला आला तसा एकटा एल्डन उरला. कोपऱ्यातून आपल्याला नीट ऐकू येत नाही अशी त्याने लेखी तक्रार केली. ऐकू येणं हा नागरिकाचा हक्क, म्हणून त्याची खुर्ची उचलून दोघांच्याच टेबलाला लावावी लागली. ड्वेन मनातल्या मनात चरफडायचा. एल्डन मात्र लव्होनचा शब्दन्‌शब्द टिपून घ्यायचा.

"मागच्या गुरुवारी म्हणालीस, बहिणीला सोमवारी दवाखान्यात नेलं," त्याने एकदा वही मागे उलटून विचारलं. "आज म्हणतेस बुधवारी. खरं काय?"

लव्होनचा काटा हातातच राहिला. "सोमवारी नेलं. बुधवारी ऑपरेशन झालं."

"मग आता कशी आहे?"

संशयी माणसाला पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय राहवतच नाही. लव्होन मग बराच वेळ बहिणीबद्दल सांगत राहिली. ड्वेनने तेवढ्यात आपलं जेवण संपवलं आणि रस्त्याच्या नव्या रोलरचा विषय काढला.

हिवाळा तोंडावर आला तसा ड्वेनचा धीर सुटला. पण विषयपत्रिकेवर नसलेला प्रश्न बैठकीत विचारता येत नाही, म्हणून त्याने कॅरलकडून टाइप करून घेतलं. विषय एक: जेवण. विषय दोन: अध्यक्षांचा सभासदाला एक प्रश्न. झालं! गुरुवारी अख्खा गाव परतला, निम्म्यांच्या हातात 'कचरा नको'चे फलक. ड्वेन उभा राहिला आणि त्याचा हात शर्टाच्या खिशाकडे गेला.

"खिशात काय आहे ते दाखव," कुणीतरी ओरडलं.

ड्वेनने अंगठी काढली. एकेक फलक खाली आला. कॅरल लिहायची थांबली. प्रश्न शब्दांत विचारायचा मात्र राहूनच गेला. तो नुसता लव्होनकडे बघत राहिला. इतक्या आशेने त्याने आयुष्यात कशाकडेच पाहिलं नव्हतं.

"आजच उत्तर द्यायचं बंधन नाही," एल्डन वहीतून मान वर न करता म्हणाला. "विषय तहकूब करता येतो."

"मग तहकूब करू या," लव्होन हळूच म्हणाली. ड्वेनला वाटलं, बिचारी गर्दीला बुजली.

पुढच्या आठवड्याची सूचना लावायला तो गेला, तेव्हा कॅरलने सांगितलं की लव्होनबाईंनी या गुरुवारी जमणार नाही असं कळवलंय. ड्वेनला ते पटेना. गुरुवारी बाराला गाडी काढून तो डार्लाच्या कॅफेसमोर आला. काचेतून लव्होन दिसली, समोर एल्डन दिसला. वही कुठेच नव्हती. लव्होन हसत होती, आणि एल्डन पुढे झुकून तिला काहीतरी विचारत होता.

ड्वेन गाडीतून उतरला. तो पायऱ्या चढला, तशी लव्होनच दाराशी आली. तिचे डोळे भरून आले होते.

"आत नको येऊस, ड्वेन. गणपूर्ती होईल."

"आणि तुम्ही दोघं?"

"तो बोर्डावर नाही ना," ती म्हणाली. "आम्हाला सूचना लागत नाही."

दार लोटलं गेलं. ड्वेन पायरीवरच उभा राहिला. आत काय बोलणं चाललंय हे ऐकायचा त्याला कायद्याने काहीच हक्क नव्हता.