म्हाळोजीचे कोनदार ठसे आणि अडलेले लग्न

श्रीवळणेश्वर समर्थ. शके सोळाशें एकोणतीस, सर्वजितनाम संवत्सरीं गोजराबाईसाहेबांचे लग्न यथासांग जाहले आणि वऱ्हाड जेवोन सुपारी कातरीत बसले. हे वाचणारांनी लागलेच विसरावे. लग्न जाहले नाही, होण्याचे चिन्हही नाही, ऐसे मानोन पुढे चालावे.

बाईसाहेबांचे तीर्थरूप महाराज यांच्या दौलतीत म्हाळोजी सुतार याने कुस्त्यांच्या फलकांकरितां बाभळीच्या लाकडाचे अक्षरठसे कोरिले. बाभूळ कठीण, पटाशी वळेना, मग वाटोळे म्हणोन काही उरलेच नाही. ठ चौकोनी जाहला, ळ म्हणजे दोन कुऱ्हाडी पाठीस पाठ लावोन उभ्या, आणि अनुस्वार डोकीवर वीट पडावी तैसा. जाडी ऐसी की फलक वेशीबाहेरून वाचावा आणि मल्लांनी वाचतांच दंड थोपटावे. महाराज बहुत संतोष पावले आणि बोलिले, "आजपासोन सारे लेखन याच ठशांनी. बोरू मोडोन चुलीत घाला." मग बोरू जळाले, आणि 'येथे थुंकू नये' ऐसा फलक लागला तेथोन लोक श्वास रोखोन जाऊं लागले, आणि 'पाणी जपोन वापरावे' वाचोन सारे शहर अंघोळ विसरले. महाराज म्हणाले, "पाहा, शिपाई ठेवणें नलगे."

मग कन्या गोजराबाई यांचे लग्न नदीपलीकडील जानरावराजे यांच्या चिरंजीवांशी ठरले आणि निमंत्रणही त्याच ठशांनी गेले: 'सहकुटुंब यावे. आम्ही वाट पाहत आहों.' जानरावराजे यांनी वाचिले, वेशीचे दरवाजे लाविले आणि राणीसाहेबांस म्हणाले, "वाट पाहताहेत म्हणे! आणि सहकुटुंब. म्हणजे मागे रडायलाही कुणी उरायला नको." राणीसाहेब बोलिल्या, "मुलगी बघायला गेलो तेव्हाच पोहे तिखट होते. मी बोलले नाही इतकंच." मग जानरावराजे यांची फौज नदीकाठीं आली. महाराजांनी घाईने निशाण उभारविले, त्यावर ठशांनी 'भिऊ नका', आणि ते दिसतां पलीकडील हत्ती माघारी पळाले आणि तोफा पुढे आल्या.

गोजराबाई हळद लावोन बसल्या होत्या. म्हणाल्या, "आबासाहेब, हळदीचे पापुद्रे सुटताहेत. तुमची अक्षरं आवरा, नाहीतर मी अशीच पिवळी म्हातारी होईन." महाराज खाली पाहोन बोलिले, "बाळ, दौलतीत दुसरी अक्षरे राहिली नाहीत." मग बाईसाहेब मुदपाकखान्यात गेल्या, आचाऱ्याच्या हातांतील जिलबीचे भोकाचे फडके घेतले आणि कढईत पिठाने 'या' ऐसे सोडिले, कां की जिलबीस कोन पडत नाही. पाकात बुडवोन ताट होडीने धाडिले. जानरावराजे यांनी वाचिले, डोळे पुसले, "अहो, किती मायेनं बोलावताहेत!" म्हणाले आणि निमंत्रण खाल्ले, मग दुसरे मागविले, मग फौजेचेच वऱ्हाड जाहले. पुढील हकीकत वर आली होती, परंतु ती विसरावयाचे ठरले आहे.

एकूण, म्हाळोजीचे ठसे कुस्तीस उत्तम, सोयरिकीस जिलबी. सबब हुजुरांस विनंती, ही बखर अक्षरशः जिलबीत तळोन दफ्तरखान्यात कायम ठेवावी, आणि 'मुंग्यांनी आत येऊं नये' ऐसा फलक दारीं लावावा. तो मात्र ठशांचाच असावा. मंजुरीची आम्ही वाट पाहत आहों.