दुसऱ्या मजल्यावरची भरतीरेषा

ऋजुता भाटकरला वाटलं होतं, आत्याच्या इमारतीत आपल्याला तडे, पोपडे आणि गंजलेल्या सळया सापडतील. त्या सापडल्याच, पण त्यांच्याबरोबर एक समुद्रकिनाराही सापडला. सावळे बंदरातली 'शुभंकर' ही इमारत गेली कित्येक वर्षं समुद्रकिनारा होती आणि दिवसातून दोनदा तिच्या भिंतींना भरती येत असे.

खरा समुद्र दोन नारळाच्या बागा ओलांडून पलीकडे होता. तिथे पाणी चढू लागलं, की इकडे 'शुभंकर'च्या भिंतींत ओल चढू लागे. तळमजल्याची दारं फुगून बसत, जिन्याच्या पायऱ्या पायाखाली पचपचत, आणि दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत येऊन पाणी थांबे. मग फेसाची एक बारीक रेघ मागे ठेवून ते निमूट उतरायला लागे.

ऋजुता पोचली ती नेमकी भर भरतीत. तळमजल्यावरच्या आत्याच्या दाराला धक्के मारून तिचा खांदा दुखला.

"आत्या, दार उघड ना!"

"भरती आहे गो," आतून शालनआत्या म्हणाली. "उतरली की उघडेल. ओट्यावर बस तोवर. प्रवास कसा झाला?"

समुद्राला बाहेर ठेवण्यात ज्या देशाची हयात गेली, अशा देशात ऋजुता काँक्रीटची दुरुस्ती शिकून आली होती. कोकणातली खाऱ्या वाऱ्याने पोखरलेली एकूण एक इमारत नीट करायची, हे तिने तिथल्या थंडीत बसूनच ठरवलं होतं, आणि पहिली इमारत आत्याची. तिथल्या कंपनीने तिला लांबलचक रजा दिली होती. परतीचं तिकीट नारळी पौर्णिमेच्या दिवसाचं होतं. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

ओहोटी लागली तसं दार उघडलं. आत्या न्हाणीघराच्या भिंतीतून तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढून ताटलीत ठेवत होती.

"तुला आवडतात ना? आज इथल्या भरल्या आहेत. स्वयंपाकघरातल्या जरा वाळूदार निघतात."

ऋजुताने तिसऱ्यांकडे पाहिलं नाही. ती स्वयंपाकघरातल्या कोपऱ्याच्या खांबाकडे पाहत होती. त्याचा तडा इतका रुंद झाला होता, की तिचा पंजा आत गेला. आतली सळई तिने चिमटीत धरली, तर खारी बिस्किटासारखे तिचे पदर सुटले. शेजारून एक खेकडा बाहेर आला, तिला वळसा घालून ओट्याखाली गेला.

"हा खांब उद्या बसेल, आत्या."

"नगरपंचायतीचं तेच म्हणणं आहे. नारळी पौर्णिमेपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर सगळ्यांनी बाहेर पडा." आत्याने ताटली धुतली. "मी लोणच्याच्या बरण्या जिन्यातल्या चांगुणा कोळणीला देऊन टाकल्या. पनवेलला माझ्या बाळूकडे जावं लागेल, त्याच्या घरात बरण्या ठेवायला जागा नाही. तिथे गॅलरीत पातळ वाळत घालायचं तरी सुनेला विचारावं लागतं."

आत्या रडली वगैरे नाही. पण ओट्यावरच्या रिकाम्या फळीवर बरण्यांची गोल डागांची ओळ तशीच होती, आणि पुसायला घेतलेलं फडकं आत्याने तिथे न लावता परत ठेवून दिलं. ऋजुताने ते पाहिलं, आणि तिच्यापुरता प्रश्न तिथेच मिटला. हे घर पडणार नव्हतं.

सोसायटीचे अध्यक्ष मोरजकर तिसऱ्या मजल्यावर राहत. तिथवर भरती पोचत नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यात कोरड्या माणसाचा रुबाब होता.

"इमारत बांधली तेव्हा वाळू किनाऱ्यावरूनच आणली," ते म्हणाले. "बैलगाड्या लावून. न धुता. पण आता आपण इमारत झालो आहोत, हे त्या वाळूला कुणी कळवलंच नाही. ती बिचारी अजून आपल्या जुन्या कामावरच आहे."

"आणि तुम्ही काय केलंत इतकी वर्षं?"

"म्हणजे काय! दर गणपतीला तडे लिंपून रंग देतो. गेल्या वर्षी तर पिस्ता कलर दिला."

"रंगाच्या आत खांब कुजतोय, काका."

"किनारा कुजत नसतो," मोरजकर म्हणाले. "झिजतो."

जिन्यात चांगुणाबाई कठड्यावर बोंबील वाळत घालत होती. तिचं म्हणणं होतं, किनारा कोळ्यांचा, जिना किनाऱ्यात आला, म्हणजे जिना कुणाचा ते कुणी सांगायची गरज नाही. ऋजुता छिन्नी-हातोडा घेऊन खाली जाताना दिसली तशी ती म्हणाली, "बाय, ठोक, पन माज्या बोंबलांवर धूल उडवू नको."

ऋजुताने पहिला पोपडा उडवला आणि दुपारी किनारा विभागाचे घोरपडेसाहेब हजर झाले. गृहस्थ देशावरचे, सभ्य, बूट दाराबाहेर काढून आत आले.

"मॅडम, किनाऱ्यावर खोदकाम करता येत नाही."

"हा खांब आहे, साहेब."

"असेल. पण भरतीरेषेच्या खाली आहे." ते दुसऱ्या मजल्यावर गेले, फेसाची रेघ शोधली आणि तिच्यावरून लाल रंगाची सरळ रेषा ओढून आले. "हिच्या खाली सिमेंट, खडी, सळई, काही म्हणजे काही टाकायला मनाई आहे."

"इथे माणसं राहतात!"

"किनाऱ्यावर फिरायला मनाई नाही."

"चाळीस वर्षं?"

घोरपड्यांनी विचार केला. "फिरण्याला मुदत घातलेली नाही."

"आणि खांब पडला तर?"

"तर ती किनाऱ्याची धूप समजली जाईल. त्यासाठी आमच्याकडे वेगळा कक्ष आहे."

ऋजुताचा आवाज चढला होता. तो तिने प्रयत्नपूर्वक खाली आणला. "ठीक. मग किनाऱ्यावर काय काय करता येतं ते सांगा."

हा प्रश्न घोरपड्यांना आवडला. नाही म्हणून म्हणून तेही थकले असावेत. "मासळी सुकवता येते. जाळी विणता येतात. बोटी वर ओढून ठेवता येतात. मासेमारी बंद असेपर्यंत बोटींची डागडुजी करता येते, लागेल ते सामान वापरून."

"लागेल ते?"

"बोटीला लागेल ते."

बागांपलीकडे तेव्हा बोटी शाकारायचं काम चाललं होतं. एकेक बोट वर ओढायची, लाकडी टेकू देऊन उभी करायची, शेवाळ आणि शिंपा खरवडून गोड्या पाण्याने धुवायची, कुजलेली फळी काढून नवी बसवायची. ऋजुता संध्याकाळभर तिथे उभी राहून बघत होती. खराब खांबालाही हेच करायचं असतं, याच क्रमाने. दुसऱ्या दिवशी ती घोरपड्यांच्या टेबलासमोर जाऊन बसली आणि म्हणाली, की 'शुभंकर'च्या किनाऱ्यावर काही बोटी वर ओढून ठेवलेल्या आहेत, त्यांची डागडुजी करायची आहे.

घोरपडे पाहणीला आले. कोपऱ्यातल्या खांबाभोवती त्यांनी एक फेरी घातली.

"पुढचं टोक कोणतं?"

"वरचं. उभी करून ठेवली आहे."

"जागेला सोयीचं पडतं," घोरपडे म्हणाले. "वर माल दिसतोय."

"आठ बिऱ्हाडं. आणि मोरजकरकाका."

"नाव?"

ऋजुताने आत्याकडे पाहिलं. आत्याने पदराला हात पुसले. "शालन ठेवा. दुसरं कोण तिच्याजवळ इतकी वर्षं उभं राहिलंय?"

अशा रीतीने 'शुभंकर'चे सगळे खांब बोटी झाले. बोटींच्या कामाला बोटींचाच कारागीर हवा, म्हणून जानू मिस्त्री आला. पहिल्या दिवसापासून त्याचं आणि ऋजुताचं वाजलं.

"ताई, तेल पाजल्याबगर मी बोटीला हात लावनार नाय."

"मिस्त्री, सळईला गंज धरू नये म्हणून मी लेप आणलाय. तेल लावलं तर त्याच्यावर काँक्रीट धरणार नाही."

"मग वरून पाजू."

"वरून पाजा. सगळ्यात शेवटी."

भर पावसात ते काम चाललं. खांबाच्या दोन्ही अंगांना टेकू दिले, वरचा भार त्यांच्यावर घेतला. खारं काँक्रीट सळयांच्या मागपर्यंत फोडून काढलं. गंज घासला, पुन्हा पुन्हा गोड्या पाण्याने धुतलं. भरती आली की थांबायचं, उतरली की परत पहिल्यापासून धुवायचं. मोरजकर वरून ओरडत, "अहो, वरवर लिंपून टाका, गणपती आले!" आणि ऋजुता खालून ओरडे, "काका, या वर्षी लिंपण नाही!" तिच्या हातांना फोड आले, ते फुटले, तिथे घट्टे पडले. आत्या घट्ट्यांना खोबरेल लावताना म्हणे, "एवढं शिकून हे हात!" ऋजुता म्हणे, "यांच्यासाठीच शिकले."

फोडून काढलेलं जुनं काँक्रीट बारीक करून तिने समुद्रावर नेऊन ओतलं. ती वाळू बरोबर जागी पोचल्यासारखी लगेच पसरली. नवी वाळू नदीची आणली, नितळ पाणी येईपर्यंत धुतली. आणि सिमेंटमध्ये मिसळण्याआधी ऋजुताने तिच्यासमोर उभं राहून, मोरजकरांच्या देखत, स्पष्ट शब्दांत सांगितलं, "आजपासून तू या घराचा खांब आहेस. कागदावर बोट आहेस. किनारा नाहीस."

"ऐकलंन का पण?" मोरजकरांनी विचारलं.

"पुढच्या भरतीला कळेल."

पुढच्या भरतीला कोपऱ्याचा खांब कोरडा राहिला. ओल आजूबाजूने चढली, पण त्याच्यापाशी येऊन वळली. आत्या हात लावून बराच वेळ तिथे उभी होती. चांगुणाबाईने एक बरणी आणून फळीवरच्या गोल डागावर बरोबर बसवली.

एकामागून एक सगळे खांब झाले. जानूने सगळ्यांना वरून तेल पाजलं. श्रावण आला, आणि नारळी पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी घोरपडे काम बघायला आले. खांबांवरून हात फिरवून ते मनापासून म्हणाले, "सुंदर. उद्या किती वाजता लोटणार?"

"काय लोटणार?"

"बोटी. डागडुजीची परवानगी बंदी उठेपर्यंतच असते. उद्या नारळ वाहिला, की बोटी पाण्यात गेल्या पाहिजेत. नाही गेल्या, तर बेवारस समजून आम्हाला तोडाव्या लागतात." त्यांनी खांबावरून पुन्हा हात फिरवला. "मला वाईट वाटेल. पण तोडाव्या लागतात."

मोरजकर कठड्याला धरून खाली बसले. "अहो, खांब मासे धरायला गेले, तर माझा तिसरा मजला कुणाच्या डोक्यावर?"

"ते मालकांनी बघायचं. आणि तांडेल लागेल. बोटीवर हजर राहणारा, हंगामभर. त्याचं नाव उद्या सकाळी द्या."

घोरपडे गेले. जिन्यात बोलणं सुरू झालं. जानूला स्वतःची बोट होती. मोरजकरांना साध्या होडीत बसलं तरी उलट्या होत. कुणी म्हणालं, किनारा होता तेच बरं होतं. निदान जागेवर होता. आत्या आत गेली. तिने परत आलेल्या बरण्या एकेक करून फळीवरून खाली काढल्या आणि कुठे ठेवाव्यात ते न कळून जमिनीवर मांडल्या. ऋजुताने बॅग उघडली. तिकीट वरच होतं. तिने बॅग बंद केली आणि बरण्यांच्या शेजारी चटई टाकून झोपली.

सकाळी जाग आली तेव्हा बाहेर पाणी चढत होतं. भिंतींतली ओल आत्याच्या खिडकीपर्यंत आली होती. खांब सगळे कोरडे, ताठ, तेलाने काळे चमकत उभे होते. अंगणात घोरपडे स्वच्छ इस्त्रीच्या शर्टात आले होते. हातात नारळ होता, तो त्यांनी स्वतःच्या पैशाने आणला होता.

"तांडेलाचं नाव?"

"ऋजुता भाटकर," ती म्हणाली. "सगळ्या बोटींना मी एकटीच. सगळ्या एकत्र जातील, एकत्र येतील. वरचा माल उतरवायचा नाही."

"हंगामभर?"

"हंगामभर. आणि पुढच्या बंदीत मी बाजूच्या इमारती घेणार आहे, त्यांच्या बोटी मोजून ठेवा."

घोरपड्यांनी लिहून घेतलं. "भरती दुपारी पुरी होईल. रिकामं येऊ नका."

"सुरमय आन," चांगुणाबाई जिन्यातून म्हणाली. ती बोंबील आवरून टोपलीत भरत होती. "बोंबील माजे हायत."

मोरजकरांनी विचारलं, उलटीची गोळी आत्ता घ्यावी की सुटल्यावर. जानू म्हणाला, आत्ता. ऋजुता आत गेली आणि एकेका खांबाला हात लावून, वाळूला सांगितलं होतं तसंच स्पष्ट सांगत गेली, की आज दुपारी निघायचंय आणि उद्या दुपारी याच जागेवर परत यायचंय. स्वयंपाकघरात आत्या बरण्या फळीवर परत चढवत होती आणि कलंडू नयेत म्हणून मधेमधे जुनी पातळं कोंबत होती.

"दुधवाल्याला काय सांगू?" तिने विचारलं.

"उद्या दुपारच्या भरतीला यायला सांग."

आत्याने तसा निरोप फाटकापाशी चांगुणेकडे ठेवला, वाळत घातलेले कपडे काढून आणले आणि खिडक्या लावून घेतल्या.