दिगूकाकांचं बोट

दिगूकाका सप्रे यांनी मला पहिल्यांदा आउट दिलं ते जिन्यात.

पौषातली सकाळ होती. थंडीनं हाताची बोटं वळत नव्हती. मी बँकेत जायला वरच्या मजल्यावरून उतरत होते आणि काका आंघोळ करून, सोवळ्यात, गंगेचा तांब्या घेऊन वर येत होते. जिना असा अरुंद, की एकानं श्वास आत ओढावा तेव्हा दुसऱ्यानं पुढे जावं. मी भिंतीला चिकटून उभी राहिले. तरी माझ्या ओढणीचं टोक त्यांच्या सोवळ्याला निसटतं लागलं, असं त्यांना वाटलं. काका थांबले. उजव्या हाताचं बोट त्यांनी सावकाश वर केलं आणि मागे वळून पुन्हा ब्रह्मा घाटाकडे आंघोळीला निघाले.

"काका, नाही लागलं हो! मध्ये वीतभर जागा होती!"

"असेल," ते न वळता म्हणाले. "बोट वर गेलं, बात खतम."

मला आउट देऊन स्वतःच थंड पाण्यात उतरणारा अंपायर मी तोवर पाहिला नव्हता.

माझी बदली कोल्हापूरहून बनारसला झाली तेव्हा दूधविनायकाच्या गल्लीत सप्र्यांची वरची खोली मला भाड्यानं मिळाली. सप्रे मंडळी पाचसहा पिढ्या तिथलीच. घरात मराठी, दाराबाहेर पाऊल पडलं की हिंदी, आणि उंबरठ्यावर दोन्हीची मिसळ. काका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, शिवाय महाराष्ट्रातून येणाऱ्या चारदोन यजमान घराण्यांचे पुरोहित. पण गल्लीत त्यांना कोणी गुरुजी म्हणत नसे. पानवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळे त्यांना 'अंपायर साहब' म्हणत, आणि काका त्यावर मान हलवत.

थंडीत गंगेचं पाणी ओसरलं की पलीकडच्या तीरावर रेतीचं मोठं मैदान उघडं पडतं. आमची गल्ली आणि बंगाली टोला यांची क्रिकेटची मॅच दर वर्षी तिथे व्हायची. दोन्ही टीम नावेतून पलीकडे जायच्या, आणि नावेच्या टोकाला काका: खाली धोतर, वर पांढरा अंपायरचा कोट. पन्नास वर्षं दोन्ही बाजूंना मान्य असलेला हा एकच अंपायर. एकच, कारण दुसऱ्या टोकाला कोणीही उभा राहिला तरी काका तिथलेही निर्णय इकडूनच देत.

ओव्हरचे चेंडू मोजायला काकांच्या कोटात सहा सुपाऱ्या असत, पूजेत गणपती म्हणून मांडतात त्या. चेंडू पडला की एक सुपारी डाव्या खिशातून उजव्या खिशात. एकदा विचारांच्या नादात त्यांनी त्यातली एक तोंडात टाकली. त्या दिवशी पुढची प्रत्येक ओव्हर पाच चेंडूंची झाली. बंगाली कप्तानानं हात जोडून गाऱ्हाणं घातलं. काका चघळत चघळत म्हणाले, "ओव्हर म्हणालो ना? मग झाली."

बोलून बसलेली गोष्ट मागे घ्यायची नाही, हा त्यांचा बाणा मैदानापुरता नव्हता. साताऱ्याच्या यात्रेकरूंना त्यांनी एकदा कालभैरवाचा रस्ता डावीकडे सांगितला. तो होता उजवीकडे. चूक लक्षात आली तेव्हा मंडळी दहा पावलांवर होती, एक हाक मारली असती तरी भागलं असतं. पण काका चपला घालून त्यांच्या मागे धावले आणि डावीकडूनच, चार गल्ल्यांचा वळसा घालून, त्यांना देवळाच्या दारात नेऊन सोडलं. त्यातल्या एका म्हातारीला तर शेवटच्या गल्लीत त्यांनी हाताला धरून नेलं होतं.

मैदानावरचा त्यांचा आणखी एक नियम कुठल्याच नियमांच्या पुस्तकात नव्हता. नाणेफेकीआधी काका दोन्ही टीमना ओळीत उभं करत आणि हातात पितळी तांब्या घेऊन एकेकापुढे थांबत. "जानव्याला किल्ली?" असेल तर तांब्यात टाकायची. आता जानव्याला घरातली किल्ली बांधणारी पिढी कधीच सरली. पोरांच्या खिशात मोबाइल. पण काका बोस-चटर्जींना विचारत, आमच्या टीममधल्या यादवांच्या पोरालाही विचारत. तो दर वर्षी इमानदारीनं सांगे, "काका, हमरे जनेऊ ही नहीं है, चाभी कहाँ लटकाएँगे?" आणि काका दर वर्षी गंभीरपणे पुढे सरकत. हे खूळ कुठून आलं ते पोरांना ठाऊक नव्हतं, मलाही नव्हतं.

माझ्याकडे टीव्ही मोठा होता म्हणून मॅच बघायला काका वर येत. त्याच सुमाराला तो रिव्ह्यूचा प्रकार सुरू झाला होता. फलंदाजाला निर्णय पटला नाही की त्यानं हातानं खूण करायची, मग आत बसलेला अंपायर तोच चेंडू चार बाजूंनी, चार वेळा बघणार. काकांचा नुसता संताप व्हायचा.

"मशीनलाच विचारायचं तर मैदानात माणूस कशाला उभा केलाय? बोलरच्या टोप्या सांभाळायला?"

"पण काका, निर्णय चुकला तर सुधारायला नको?" मी म्हटलं. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण वाद घालायला मला तेवढंही कळावं लागत नाही.

"एक सुधारला की बाकीच्यांचं काय, ताई? लोक म्हणणार, तोही गलत होता, अन् तोही. मग अंपायरच्या शब्दाला राहिलं काय?"

"आणि ज्याला चुकून आउट दिलं, त्याचं काय?"

काका खिशातल्या सुपाऱ्या चाळवत राहिले.

पुढच्याच रविवारी टीव्हीवर तसंच घडलं. गोऱ्या, ढेरपोट्या अंपायरनं बोट वर केलं, मशीननं सांगितलं की चेंडू बॅटला लागलाच नव्हता, आणि त्या माणसानं सगळ्या जगासमोर दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन खांद्यांना लावले. आधी दिलेला निर्णय मागे घेतला, अशी ती खूण. काका चहा अर्धा टाकून उठले आणि खाली गेले. तीन दिवस वर फिरकले नाहीत. चौथ्या दिवशी मी कुलूप लावत असताना जिन्यात उभे.

"ताई, त्या माणसाला नंतर काय म्हणाले लोक?"

"कुठल्या माणसाला?"

"त्या अंपायरला. हात खांद्याला लावले त्यानं."

"काही नाही म्हणाले. पुढचा चेंडू टाकला की."

"बस? पुढचा चेंडू?" काकांनी विचारलं. त्यांचा चेहरा असा झाला होता की मला एकदम वाईट वाटलं, आणि कशाचं ते कळेना.

ते कळलं काकूंकडून. कुसुमकाकू म्हणजे काकांच्या बरोब्बर उलट. सकाळी बोललेलं दुपारी फिरवतील आणि संध्याकाळी दोन्ही नाकबूल करतील. गच्चीवर वड्या घालता घालता त्यांनी सांगितलं.

"अगं, मोरूभावजींची गोष्ट आहे ती. यांचा धाकटा भाऊ. चाळीस साल झाले. रेल्वेचे कोणी साहेब टीमसाठी पोरं बघायला रेतीवर आले होते. भावजी काय खेळत होते, काय सांगू तुला! एक्केचाळीसवर होते. अन् टक् आवाज आला, चेंडू मागच्याच्या हातात, अन् बंगाली सगळे ओरडले. यांनी बोट वर केलं. सख्ख्या भावाला! उलट यांची वाहवा झाली, कसा खरा माणूस म्हणून."

"मग?"

"भावजी तोंडातून शब्द न काढता निघाले. फक्त जानव्याची किल्ली मुठीत धरली होती. यांना त्याचा मतलब संध्याकाळी कळला. भावजी नळावर बादली उचलायला वाकले, अन् किल्ली कडीला लागली. टक्. तोच आवाज. मी बघत होते, यांचा चेहरा उतरला. पण बोलले काही? नाही! साहेब दुसऱ्याच पोराला घेऊन गेले. महिनाभरात भावजी मामाकडे नागपूरला. तिथे वह्या-पुस्तकांचं दुकान चालवलं. दिवाळीला पत्र येतं, मलाच. यांना कधी नाही."

काकू थोडा वेळ वड्या थापत राहिल्या. मग एकदम चिडून म्हणाल्या, "रोज पूजा झाली की देवापुढे हात जोडतात, काही चुकलं असेल तर पदरात घे म्हणून. दगडाच्या देवाची रोज माफी. अन् हाडामांसाच्या भावाची एकदा नाही! मी हे यांना परवा तोंडावर सांगितलं."

त्या थंडीत काकूंना दिवाळीखेरीजचं पत्र आलं. नातवाची मुंज झाली आहे, गंगापूजन करायला एक दिवस येतो, पुरोहित कोणीही पाहून द्यावा. 'कोणीही' या शब्दावर काकूंनी कपाळाला हात लावला. काकांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि पूजेची भांडी घासायला काढली.

मोरूभाऊ एकटेच आले. काकांचाच चेहरा, फक्त अंगानं भरलेला आणि बोलण्यात नागपूर. काकांच्या पाया पडले, काकांनी "हं" केलं, झाली भेट. चहा पिताना दोघं भाऊ एकमेकांच्या डोक्यावरून भिंतीकडे बघत होते. सकाळी आम्ही चौघं ब्रह्मा घाटावर गेलो. तबक धरायला म्हणून काकूंनी मला सुट्टी घ्यायला लावली होती.

पूजा सुरू झाली. संकल्पाला काकांनी सवयीनं विचारलं, "गोत्र?"

"तुझंच, दादा," मोरूभाऊ म्हणाले.

काकूंनी पदर तोंडाला लावला. हसल्या की रडल्या, मला दिसलं नाही. फुलं झाली, आरती झाली, आणि शेवटी क्षमेचा श्लोक आला. हा श्लोक काकांनी आयुष्यात किती वेळा म्हटला असेल, त्याला गणती नाही. पहिल्याच ओळीत ते अडकले. खाकरून पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच अडकले. मोरूभाऊ हात जोडून, डोळे मिटून वाट बघत होते. त्यांनी डोळे उघडले तेव्हा काका पाटावरून उठून उभे होते.

काका ताठ उभे राहिले, मैदानात उभे राहतात तसे. समोर नदीपलीकडे धुक्यात रेती दिसत होती. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं, मग मोरूभाऊंकडे वळले, आणि दोन्ही हात छातीवर आडवे घेऊन खांद्यांना लावले. त्यांनी ते तसेच धरून ठेवले.

नावेतल्या मल्लाहाला वाटलं, म्हाताऱ्याला हुडहुडी भरली. "पंडितजी, जाड़ा लगत हौ का?" त्यानं हाक मारली.

मोरूभाऊंना मात्र खूण कळली. नागपुरातही टीव्ही आहे. त्यांनी जोडलेले हात सोडले. मग म्हणाले, "किती वर होतो मी, दादा?"

"एक्केचाळीस." काकांना आठवावं लागलंच नाही. "एक्केचाळीस, नॉट आउट. बॅटला लागला नव्हता. मला त्याच संध्याकाळी कळलं होतं."

"मग इतकी वर्षं?"

"भीती वाटली."

"लोकांची?"

"तुझी," काका म्हणाले, आणि मटकन पायरीवर बसले.

मोरूभाऊ उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खांद्याला खांदा लागला. ओढणीचं टोक लागलं म्हणून पुन्हा आंघोळीला जाणारे काका, पण या वेळी ते हलले नाहीत. काकूंनी एव्हाना मोकळेपणानं रडायला सुरुवात केली होती आणि मीही तबक खाली ठेवलं होतं.

थोड्या वेळानं काकांनी पूजेचा रिकामा तांब्या उचलला आणि मोरूभाऊंपुढे धरला. शब्द दर वर्षीचेच.

"जानव्याला किल्ली?"

मोरूभाऊंनी सदऱ्याखाली हात घातला. किल्ली होती. बारीक, काळी पडलेली. सप्र्यांच्या माजघरात मोरूभाऊंची, कुलूप लावलेली एक पत्र्याची पेटी होती, जिच्यावर बसून मी कितीदा चहा प्यायले होते. तिची ही किल्ली. काकांनी ते कुलूप कधी तोडू दिलं नव्हतं आणि भावानं किल्ली कधी सोडली नव्हती. गाठ जुनी, सुटेना. शेवटी काकांनीच आपल्या नखानं ती सोडवली, आणि मोरूभाऊंनी किल्ली तांब्यात टाकली.

टक्.

मला क्रिकेटमधलं अजूनही फार कळत नाही. पण तो आवाज बॅटचा नव्हता, एवढं त्या दिवशी मीसुद्धा सांगितलं असतं.