ताजी वेळ

बिवलकरकाका रोज सकाळी घरून ऑफिसात वेळ घेऊन यायचे. वेळेवर यायचे, असं मी म्हणत नाही. वेळ घेऊन यायचे. रेडिओवर बातम्यांआधी टोले पडतात, त्यातल्या शेवटच्या टोल्याला मनगटावरचं घड्याळ लावायचं आणि डावा हात छातीशी धरून वरच्या आळीतून चालत निघायचं. वाटेत कोणी "काय काका, बरं आहे ना?" म्हटलं, तर मान हलायची, हात हलायचा नाही. डोक्यावर भरलेली कळशी असावी, असं ते चालत. ऑफिसात पोचल्यावर ती वेळ कंप्युटरात ओतायची, आणि मगच डबा टेबलावर ठेवायचा.

"वेळ ताजी हवी गो सुनंदे," ते मला सांगत. "शिळी घालायची तर यंत्र कशास? भिंतीवर पंचांग आहेच की."

आमचं ऑफिस म्हणजे आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या एका कारखान्याचं. काका तिथे हेडक्लार्क. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा साहेबांनी मुंबईहून कंप्युटर आणला. दारात नारळ फुटला, पेढे वाटले, आणि त्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचा नियम झाला. मी पुण्याला सहा महिन्यांचा कोर्स करून आलेली, त्यामुळे त्या यंत्राचं काहीही दुखलं-खुपलं तरी लोक मलाच हाक मारत.

त्या यंत्राला सगळं आठवायचं, वेळ सोडून. बटण बंद केलं किंवा वीज गेली, आणि रत्नागिरीत वीज जायला कारण लागत नसे, की शुद्धीवर आल्यावर त्याला हमखास वाटायचं की आज एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी, मंगळवार, आणि रात्रीचे बारा वाजलेत. मग ते नम्रपणे नवी तारीख आणि नवी वेळ विचारायचं. ती सांगायचा मान काकांचा. दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

मी हौसेने पडद्यावर तारखेसकट घड्याळ दाखवणारा एक छोटा प्रोग्राम लिहिला. ती माझी चूक. दुसऱ्याच दिवशी काका खुर्ची ओढून बसले.

"आकडे मराठी कर."

दोन दिवस खपून मी चौकोन जुळवून जुळवून मराठी आकडे काढले. काकांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं. "पाच बरा आहे. नऊ मात्र पोट धरून बसल्यासारखा दिसतो. सरळ कर त्याला."

नऊ सरळ झाला. मग सेकंद नकोत. "सारखी टुकटुक कशास? कोणी पाठीस लागलंय काय?" मग तासाला वाजणारी शिट्टी नको, देवळातल्या घंटेसारखे सावकाश टोले हवेत. पण एक ते दोनच्या मधे टोले नकोत, कारण जेवणानंतर घड्याळालाही वामकुक्षी हवी. मग वेळेपुढे सकाळ, दुपार, तिन्हीसांज असं लिहून यायला हवं.

"काका, ऑफिस साडेपाचला सुटतं. तिन्हीसांज बघायला असतं कोण इथे?"

"कोणी बघायला नसलं तरी ती होते गो," काका म्हणाले. मी निमूट घातली.

शेवटी रंग. काकांना आकडे अबोली रंगाचे हवे होते. मी सांगितलं, या पडद्याला हिरव्याखेरीज रंग ठाऊक नाही. काका सोमवारी येताना आकाशकंदिलाला लावतात तो जिलेटिनचा कागद घेऊन आले, दोन तुकडे एकावर एक धरून रंग जुळवला आणि चिकटपट्टीने पडद्याच्या कोपऱ्यात, घड्याळापुरता लावला. हिरव्यावर तो अबोली काही दिसेना. पिकायला ठेवून विसरलेल्या आंब्यासारखा दिसे. पण काका खूश. साहेबांनी विचारलं, तर म्हणाले, "डोळ्यांस थंडावा."

असा हा वेळेचा कैवारी. म्हणून त्यांच्या हातून जे झालं त्यावर कोणाचा विश्वास बसेना.

एका दुपारी वीज गेली आणि अर्ध्या तासाने आली. मी जेवायला गेले होते; यंत्रापाशी काका होते. परत येऊन मी डब्यांची लेबलं छापायला घेतली. काका असताना तारीख तपासायची असते, हे माझ्या मनातही आलं नाही. आठवड्याने बेळगावच्या दुकानदाराचं पत्र आलं: रस उत्तम आहे, पण लेबलावर डबे भरल्याची तारीख एक जानेवारी ऐंशी आहे, आठ वर्षांचं लोणचं आम्ही ऐकलं होतं, आमरस पहिल्यांदाच पाहिला.

साहेबांनी पत्र दोनदा वाचलं आणि मुंबईला फोन लावला. घड्याळाचं एक कार्ड मिळतं म्हणे, त्यावर बॅटरी असते. ते बसवलं की वीज जावो, यंत्र बंद होवो, वेळ आपली चालू. कोणी घालायला नको.

काका बिथरले. बॅटरी पावसात दमट होईल. बॅटरीची वेळ मुंबईची असेल, इथली नसेल. बॅटरीस सोयर-सुतक कळेल काय? ऑफिसात हशा पिकला. म्हातारा बॅटरीवर जळतो, असं लोक म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मीही म्हटलं.

कार्ड बसवायला इंजिनियर येणार, त्या दिवशी सामान आवरून ठेवावं म्हणून मी सकाळी पाऊण तास लवकर गेले. कंप्युटरच्या खोलीबाहेर एकच जोडी चपला होती. काका आत बसलेले. यंत्र चालू होतं. डावा हात छातीशी तसाच, घड्याळात ताजी वेळ तशीच, पण ती त्यांनी ओतलेली नव्हती. अबोली कागदाआडून दिसत होतं: मंगळवार, एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी.

"काका, तारीख घालायची राहिली," मी म्हटलं.

"राहिली नाय," ते म्हणाले. वळून पाहिलं नाही. "रोज थोडा वेळ ठेवतो तशीच. त्या दिवशी मेली लेबलं छापायची होती, ते ध्यानात नाय राहिलं."

मी दारातून आत आले.

"या तारखेस विमल, तुझी काकू, घरात होती गो. चांगली हिंडती-फिरती. शिमग्यात गेली, त्याच साली." मग पडद्याकडे बघत म्हणाले, "हे यंत्र रोज सकाळी तिला आणून बसवतं. आणि मी तारीख घालतो की ती जाते. रोज माझ्याच हाताने घालवतो."

इतके दिवस हसले याची लाज वाटली, एवढंच आठवतं. काकांनी डोळे पुसले नाहीत. चष्मा पुसला, आणि एकेक आकडा दाबत आजची तारीख घातली.

दुपारी कार्ड बसलं. त्यानंतर काका सकाळी हात हलवत येऊ लागले. वाटेत लोकांशी बोलत. बघवत नव्हतं.

चार दिवसांनी मी त्यांना खोलीत बोलावलं. घड्याळात एक शेवटची सोय केली होती. कोपऱ्यातली एक कळ दाबली की आजची तारीख जायची आणि ती जुनी तारीख यायची, मंगळवारासकट, रात्रीचे बारा. पाच मिनिटांनी आपोआप सगळं पूर्ववत. लेबलांना धक्का नाही.

काकांनी कळ दाबली. बराच वेळ पाहिलं. मी मनाशी म्हटलं, चुकलं की काय आपलं.

"चूक आहे," काका म्हणाले.

"काय चुकलं, काका?"

"रात्रीचे बारा कसले घालतेस? निजलेली असेल ती. उठवू नको." त्यांनी नाक ओढलं. "सकाळचे सात कर. सातास ती परसात अबोली काढत असते."

मी बाराचे सात केले.